जुन्या टँकमधले सॉफ्ट कोरल नव्यात न्यायचेत, पण कीड नको

टिळकवाडी_रीफ, बेळगाव

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्यातले कोरल आणि मासे ठेवायचा माझा जुना टँक दोन फुटी आहे, पाणी साधारण ५० लिटर. आत सगळे सॉफ्ट कोरल: झोआ, डिस्कोसोमा मश्रूम, एक टोडस्टूल लेदर, एक केनिया ट्री आणि मागच्या काचेवर पसरलेला ग्रीन स्टार. हार्ड म्हणजे दगडी कोरल एकही नाही. दोन क्लाउन मासे आणि दहाएक गोगलगायी. हे सगळं आता ३ × दीड × दीड फुटाच्या नव्या टँकमध्ये हलवूलोय. नवा टँक अजून कोरडा आहे, मीठसुद्धा घातलेलं नाही.

जुन्यातली पाहुणेमंडळी अशी: रॉकच्या खाचांत एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी अॅनिमोन) भरपूर, दोन झोआ प्लगांच्या (कोरल बसवायच्या छोट्या बैठकांच्या) बुडाशीही आहेत. काचेवर विटकरी रंगाचे चपटे किडे, दोन-तीन मिलिमीटरचे, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. थोडी बबल अल्गी, म्हणजे बुडबुड्यांसारखं शेवाळ. आणि झोआची एक कॉलनी आठवडाभर मिटूनच आहे, तिच्यावर काही दिसत मात्र नाही.

बेत असा: सगळे फ्रॅग (कोरलचे तुकडे) प्लगसकट १५ मिनिटं डिप करायचे, म्हणजे किडीच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मऊ ब्रशने घासायचे आणि सरळ नव्या टँकमध्ये लावायचे. सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं) लवकर व्हावी म्हणून जुन्यातला एक रॉक आणि फिल्टरचा स्पंज घालणार. पंप आणि हीटर तेच वापरणार. इथं तयार डिप मिळत नाही. शेतकी दुकानातलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चालतं असं एका व्हिडिओत सांगितलंय, तर लिटरला किती मिली घालू? पाऊस लागायच्या आत उरकायचं आहे. कुठं चुकत असेल तर सांगा की.

खानापूर_खारंपाणी

डिप ही तुमच्या बेतातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. डिपने हलणारे जीव पडतात, अंडी मरत नाहीत. एप्टेशिया डिपमध्ये नुसती आकसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. ब्रशने घासली तर आणखी वाईट, कारण तिच्या पायाचा सुईच्या टोकाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून नवी उभी राहते. कीड येते ती प्लगच्या बुडातून, रॉकच्या भोकांतून आणि स्पंजातून. म्हणून प्लग, रॉक, स्पंज, वाळू आणि जुनं पाणी, यातलं काहीही नव्या टँकमध्ये जाऊ देऊ नका. तुमचा एक रॉक आणि एक स्पंज गेला की बाकीची सगळी मेहनत वाया गेली.

सायकल जुन्या मालाशिवाय होते. तुमचा टँक बाहेरच्या मापाने १९१ लिटरचा आहे. काच, रॉक आणि वरची मोकळी जागा वजा करून पाणी १६० लिटर धरा. त्यात १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. लॅबला केमिकल पुरवणाऱ्या दुकानातलं एलआर ग्रेड घ्या. कल्हईवाल्याचा नवसागर हाच पदार्थ असला तरी तो शुद्ध नसतो, टँकला नको. बाटलीतले बॅक्टेरिया घाला, हीटर २६ वर ठेवा, लाइट बंद. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उतरला की सायकल झाली. याच काळात नव्या टँकमध्ये एक कोरा स्पंज फिल्टर चालू ठेवा. तोच पुढे क्वारंटाइन टँकला (फ्रॅग आधी वेगळे ठेवून तपासायच्या टँकला) लावायचा. स्पंज किंवा पाणी नव्यातून क्वारंटाइनला जाणं चालतं, त्यांचा उलटा प्रवास कधीच नाही.

क्वारंटाइनला ४०-५० लिटरचा टँक पुरतो. तळ उघडा, वाळू नाही, रॉक नाही. फ्रॅग ठेवायला जाळीचा रॅक, एक छोटा पॉवरहेड (प्रवाहाचा पंप), हीटर, स्पंज. सॅलिनिटी १.०२५, अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं, आणि टीडीएस मीटरवर शून्यच हवं. बोअरचं पाणी गाळून भागत नाही. आठवड्याला २५ टक्के पाणी बदला. सॉफ्टींना झगझगीत उजेड लागत नाही, आणि ताजे कापलेले तुकडे तर पहिला आठवडा मंद उजेडातच बरे राहतात.

आता कापणं. खरं काम हेच आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी चष्मा आणि नायट्राइल हातमोजे. झोआ आणि पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं. कापताना चिळकांडी डोळ्यात गेली किंवा बोटावरच्या चिरेतून आत गेलं तर थेट दवाखाना गाठावा लागतो. गरम पाणी, रॉक उकळणं, सुकलेली कॉलनी घासणं, प्रेशर वॉशर, हे अजिबात नको. रॉक उकळताना त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडल्याच्या घटना परदेशात झालेल्या आहेत.

झोआ: कॉलनी प्लगवर ज्या चिवट पापुद्र्याने धरलेली असते तो पापुद्रा धारदार ब्लेडने प्लगपासून सोडवा. सुटला नाही तर बोन कटरने प्लगचा पातळ थर त्याच्याबरोबर येऊ द्या आणि मग मागचा दगड टोकरून काढा. कॉलनी उलटी करून खालची बाजू लूपने बघा, सराफ वापरतात तो १० पट दाखवणारा चालतो. पॉलिपांच्या मधे शेवाळ किंवा एप्टेशिया अडकली असेल तर तेवढे दोन-चार पॉलिप सोडून द्या. पाच स्वच्छ पॉलिप नेलेले बरे, पन्नास संशयित नकोत.

मश्रूम: पायाच्या वर आडवा काप द्या, पाय दगडावरच राहू दे. टोपी सायनोअॅक्रिलेटने (फेविक्विकच्या जातीचा गोंद) चिकटत नाही, चिकट द्रव सोडून निसटते. छोट्या डब्यात कोऱ्या सिरॅमिकचे बारीक तुकडे पसरा, वर टोप्या ठेवा, डब्याच्या तोंडाला जाळी बांधा आणि प्रवाह कमी ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या स्वतःहून धरतात.

लेदर आणि केनिया: बुंधा मागे ठेवून वरचा भाग कात्रीने एका झटक्यात कापा. नव्या प्लगला सुती दोऱ्याने किंवा रबर बँडने सैल बांधा, आवळलं तर बांधल्या जागीच सडतो. कापल्यावर टोडस्टूल पाण्यात रसायनं सोडतो, म्हणून क्वारंटाइनमध्ये कार्बनची पिशवी हवीच. काही दिवस तो मेणचट होऊन मिटून बसेल आणि कात टाकेल, त्याला घाबरू नका. जखम काळी पडून वास येऊ लागला तर मात्र काळ्या भागाच्या आत पुन्हा कापा.

टिळकवाडी_रीफ

धन्यवाद दादा. ग्रीन स्टार काचेवर आहे, त्याला प्लगच नाही. मग तो सोडूनच देऊ का? आणि मासे क्वारंटाइनमध्ये टाकायचे का?

खानापूर_खारंपाणी

अहो, सगळ्यात स्वच्छ निघेल तो हाच. काचेला भोकं नसतात, लपायला जागा नसते. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जांभळा पापुद्रा खरवडत सोडवा, सतरंजी गुंडाळावी तसा अखंड निघून येतो. मग दोन्ही बाजू उजेडात धरून बघता येतात. दोन इंचाचा तुकडा पुरे. नव्या टँकमध्ये त्याला वेगळ्या एकट्या दगडावर ठेवा, नाहीतर वर्षभरात सगळ्या रॉकवर तोच दिसेल.

मासे क्वारंटाइनमध्ये नकोत, तूर्त जुन्यातच राहू देत. कारण सांगतो. इक म्हणजे माशांवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. त्याच्या गाठी प्लगवर, शिंपल्यावर, कुठल्याही टणक पृष्ठभागावर बसतात. कोरल आणि गोगलगायी मासे नसलेल्या पाण्यात ७६ दिवस राहिल्या की ती साखळी तुटते. कोरलच्या किडीसाठी दीड महिना पुरला असता, पण हिशेब एकच ठेवा, ७६ दिवस. मध्ये कीड दिसली तर तिच्यावर उपाय करून त्या दिवसापासून निदान ४५ दिवस पुन्हा मोजा. म्हणजे पावसाआधी उरकणार नाही हे आत्ताच मनाशी धरा. पावसाळ्यात लाईट जाते, त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा.

घटप्रभा_काठ, गोकाक

इमिडाक्लोप्रिडबद्दल लिहितो, कारण ते व्हिडिओ बघून लोक भलतंच करून बसतात.

अमेरिकेतले लोक जे वापरतात ते बागेसाठीचं तयार औषध आहे. त्यात इमिडाक्लोप्रिड ०.७२ टक्के, शिवाय एक पायरेथ्रॉइड (दुसऱ्या जातीचं कीटकनाशक) ०.३६ टक्के. आपल्याकडे ऊस-द्राक्षवाल्यांना मिळतं ते १७.८ टक्के एसएल. म्हणजे नुसत्या इमिडाचा हिशेब केला तरी जवळजवळ २५ पट कडक. वर त्यात पायरेथ्रॉइड नाही आणि द्रावकं निराळी. त्यांचं मिलीचं माप आपल्या बाटलीला लावलं की कोरल गेलंच. २५ ने भागून घातलं तरी ते औषध तेच होत नाही. त्यामुळे लिटरला किती मिली या प्रश्नाला माझं उत्तर शून्य. झिंगे, खेकडे, कोपेपॉड यांना ते अगदी थोडक्यातही मारतं. चुळकाभर पाणी फ्रॅगबरोबर टँकमध्ये गेलं तर मागाहून कार्बन घालून काय उपयोग. आणि डिपचं उरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ ओतायचं नसतं, ते वेगळंच.

वनस्पती तेलांवर बनवलेले तयार डिप मागवा, कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्ह. मात्रा बाटलीवर लिहिलेली तीच, जास्त घालून जास्त मरत नाही. कुरिअरला चार दिवस लागले तर लागू देत. आधीच ७६ दिवस थांबणार आहात.

औषधाच्या दुकानातल्या दोन वस्तू मात्र कामाच्या आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड, झोआवरच्या केसाळ शेवाळासाठी. इंटरनेटवरचे सगळे प्रयोग ३ टक्क्यांचे असतात, आपल्याकडची बाटली बहुधा ६ टक्क्यांची, लेबल वाचा. ३ टक्क्यांचं असेल तर लिटरभर टँकच्या पाण्यात १०० मिली, ६ टक्क्यांचं असेल तर ५० मिली. पाच मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. मश्रूमला नको, झेनिया कुणाकडे असेल तर तिला तर अजिबात नको. दुसरी वस्तू आयोडिन. ते कापलेली जखम सडू नये म्हणून आहे, किडीचं औषध नव्हे. घेताना साबण मिसळलेलं सर्जिकल स्क्रब घेऊ नका, बाटल्या सारख्याच दिसतात.

डिपची मांडणी: तीन पांढरे टब, प्रत्येकी चार-पाच लिटर टँकचंच पाणी. एकात डिप, दोन धुवायला. पांढरे अशासाठी की पडलेलं दिसतं. ६० मिलीच्या सिरिंजने दर मिनिटाला पॉलिपांच्या मधून जोरात पाणी मारत राहा. नुसतं बुडवून ठेवलं तर किडे घट्ट धरून बसतात. थंडीत टबातलं पाणी पंधरा मिनिटांत उतरतं, छोटा हीटर सोडा किंवा टब कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. टबातलं पाणी परत टँकमध्ये नाही.

खाली काय पडतं ते बघून दचकू नका. अॅम्फिपॉड, ब्रिसल वर्म, बारके ब्रिटल स्टार हे बिचारे निरुपद्रवी.

निपाणी_नॅनो

विटकरी चपट्या किड्यांवर कुणी बोललं नाही अजून. मागच्या टोकाला तीन बारीक शेपट्या असतील तर ते रेड प्लॅनेरिया. कोरल खात नाहीत, पण झाकून टाकतात. घोळ असा की मेल्यावर ते विष सोडतात, आणि एकदम शेकड्याने मेले तर मासेही जातात. म्हणून जुन्या टँकमध्ये औषध टाकायच्या फंदात पडू नका, तुमचे क्लाउन त्यातच राहणार आहेत. रोज लाइट लागल्यावर तासाभराने ते एका जागी जमतात, तेव्हा एअर पंपच्या नळीने ओढून घ्या. संख्या कमी झाली की फ्रॅग कापायला घ्या.

झोआला गोड्या पाण्याचा डिप चालतो. आरओचं पाणी टँकच्याच तापमानाला आणा, चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास करा, एक मिनिट, जोरात हलवत. प्लॅनेरिया लगेच सुटतात. लेदर आणि मश्रूमना हा प्रयोग नको, त्यांना तयार डिपच.

आता ती मिटलेली कॉलनी. दिवसा काही दिसणार नाही. लाइट गेल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बघा. तीन संशयित आहेत. झोआ खाणारा न्युडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय): ज्या झोआ खातो त्यांचाच रंग घेतो आणि पाठीवरची बोटं झोआच्या झालरीसारखी दिसतात, म्हणून डोळ्यांदेखत बसलेला असतो तरी दिसत नाही. हलणारं टोक शोधा. त्याची अंडी देठाला किंवा कॉलनीच्या खालच्या बाजूला, पांढरी, चकलीच्या वेटोळ्यात. दुसरी सनडायल गोगलगाय: चपटं, गोल, चौकटी-चौकटींच्या रेषांचं कवच, अर्धा ते एक सेंटिमीटर. तिसरा झोआ पॉक्स: देठावर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट फोड. हा किडा नव्हे, आजार. फोड असतील तर ती कॉलनी नेऊच नका.

अंडी दिसली तर तो तुकडा कापून फेका. दिसली नाहीत तरी डिप एकदा करून थांबायचं नाही. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत पकडायची, म्हणून ५ ते ७ दिवसांच्या अंतराने चार डिप. दर वेळी फ्रॅग नव्या प्लगवर असेल तर उत्तम. प्लग स्वस्त असतात, त्यात काटकसर नको.

क्वारंटाइनमध्ये एखादी एप्टेशिया डोकावली तर फ्रॅग बाहेर टबात काढा. पानपट्टीवरचा साधा पांढरा चुना थोड्या आरओच्या पाण्यात घट्ट कालवा, इन्सुलिनच्या सिरिंजने तिच्या तोंडावरच भरा. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीच ती परदेशी कालकवासर पेस्ट. दहा मिनिटांनी धुऊन परत ठेवा. शेजारच्या झोआवर सांडला तर तीही भाजेल. शक्य असेल तिथं तो कोपरा कापून टाकणं याहून सोपं.

आणि गोगलगायी विसरू नका. एप्टेशिया आणि बबल अल्गी शिंपल्यावर बसून नव्या घरात जातात. शिंपल्याची पाठ ताठ ब्रशने घासा, बारीक पांढऱ्या नळ्या दिसल्या तर त्या व्हर्मेटिड (नळीत राहणाऱ्या गोगलगायी) आहेत, चिमट्याने मोडून भोकावर सायनोअॅक्रिलेट जेलचा ठिपका. पातळ फेविक्विक नको, ओघळून गोगलगायीचं तोंडच चिकटवेल.

टिळकवाडी_रीफ

पंप आणि हीटर तरी वापरू ना? नवे घ्यायचे म्हणजे बजेट गेलंच. आणि नव्यात रॉक कुठला घालू? एकजण लाइव्ह रॉक (जीव वसलेला समुद्रातला दगड) देतो म्हणालाय, वर एक टॉर्च कोरल फुकट.

घटप्रभा_काठ, गोकाक

टॉर्च नको आणि तो रॉकही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी कोरल आहेत. टॉर्च, हॅमर, ब्रेन, अॅक्रोपोरा सगळे त्यात आले. सी फॅन, ऑर्गन पाइप आणि फायर कोरलही. फुकट मिळालं म्हणून फरक पडत नाही, जवळ बाळगणंच गुन्हा. लाइव्ह रॉक म्हणून जे विकतात तो बऱ्याचदा कोरलचा सांगाडाच असतो, म्हणजे तीच भानगड, वर त्याच्या भोकांत तुम्ही टाळायला निघालात ती सगळी कीड. सिरॅमिकचे रॉक घ्या. सिमेंटचे घरी ओतणार असाल तर आधी काही आठवडे गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत, पीएच खाली येईपर्यंत थांबावं लागतं.

खानापूर_खारंपाणी

पंप, हीटर वापरा, पण आधी पूर्ण खोला. पंपाचा इम्पेलर बाहेर काढा, एप्टेशिया तिथल्या अंधारातही बसते. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. त्यात पंप रात्रभर ठेवा, चुनखडी सुटते. मग स्वच्छ धुवा, अगदी स्वच्छ, कारण पुढची पायरी ब्लीचची आहे आणि अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा. साधं, सुगंध नसलेलं ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट, लिटरला १०० मिली, २४ तास. नंतर पुन्हा धुऊन सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुचकळा, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत. शेवटी कडकडीत उन्हात चार दिवस. मे महिन्यात करत असाल तर ऊन पुष्कळ आहे. जूनमध्ये इकडे खानापूरला कपडे वाळत नाहीत तर पंप कुठला वाळणार, तेव्हा पंख्याखाली दुप्पट दिवस ठेवा. हीटर काचेचा असेल तर रबरी टोपीची कड टूथब्रशने साफ करा, शेवाळाचे बुडबुडे तिथंच चिकटलेले असतात. जाळी, चिमटा, सिरिंज यांचे दोन वेगळे संच करा, जुन्या टँकच्या संचाला लाल टेप लावा.

टिळकवाडी_रीफ

होय की, टेपचं ध्यानातच आलं नव्हतं. शेवटचं एक: केनिया ट्रीच्या बुंध्याला दोन-तीन बबल अल्गी आहेत. त्या फोडून काढू का आधी?

निपाणी_नॅनो

टँकमध्ये फोडू नका. बुंधा मागेच राहणार आहे ना, मग फांदी त्यांच्या वरूनच कापा, प्रश्न मिटला. फांदीवर असेल तर टबात धरून बुडखा नखाने उचकटा, पूर्ण गोळी अखंड निघाली पाहिजे. फुटली तर तो टब ओतून टाका, फांदी नव्या पाण्यात दोनदा धुवा आणि क्वारंटाइनमध्ये ती जागा आठवड्यातून एकदा लूपने बघत राहा. केनिया स्वतःच्या फांद्या टाकतो, त्या उचलून कोऱ्या प्लगला बांधल्या तर मूळ झाड न्यायचीही गरज उरत नाही.